परतणे आणि राहणे : नाताळची प्रेमकथा, मराठी साहित्य आणि जुन्नर-आंबेगावचा अनुभव

प्रस्तावना

इंग्रजी लोकप्रिय साहित्यात आणि चित्रपटात नाताळच्या प्रेमकथेचा एक ठरलेला साचा आहे. मोठ्या शहरात नोकरी करणारी नायिका डिसेंबर महिन्यात आपल्या लहानशा गावी येते. घरचे दुकान किंवा खानावळ अडचणीत असते. गावातच राहिलेला जुना मित्र पुन्हा भेटतो. सणाची तयारी करता करता दुरावा मिटतो, दुकान सावरते आणि नाताळच्या पूर्वसंध्येला नायिका शहराकडे न परतण्याचा निर्णय घेते. अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी २००९ पासून दरवर्षी वर्षअखेरीस अशा चित्रपटांची मालिकाच सादर करते. डेबी मॅकोम्बर यांच्यासारख्या लेखिकांच्या कादंबऱ्यांनी या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. आता दूरचित्रवाणी व इंटरनेटच्या माध्यमातून हा साचा मराठी वाचक-प्रेक्षकांपर्यंतही पोहोचला आहे.

या साच्याला 'स्वप्नरंजन' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु स्वप्नरंजनातूनही समाजाची एखादी खरी गरज बोलत असते. गाव सोडून गेलेल्या माणसाला परत येता येईल काय, आणि आल्यावर त्याला तेथे राहता येईल काय, हे दोन प्रश्न या प्रेमकथेच्या मुळाशी आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, नाताळची प्रेमकथा या दोन प्रश्नांना एकच प्रश्न मानते, तर मराठी अनुभवात आणि मराठी साहित्यात ते वेगळे राहतात. परतणे ही येथे रीत आहे, राहणे हा पेच आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात हा भेद विशेष स्पष्टपणे तपासता येतो.

साच्याची घडण

नाताळ आणि घर यांचे नाते जितके जुने वाटते तितके ते नाही. चार्ल्स डिकन्स यांचे 'अ ख्रिसमस कॅरोल' १८४३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्लंडमधील खेड्यांतून कारखान्यांच्या शहरांकडे माणसांचा ओघ लागला होता. सणाला घरी जमणे या कल्पनेला नवे भावनिक मोल आले ते घरे विखुरली गेल्यामुळे. पुढे १९४६ साली फ्रँक काप्रा यांच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या चित्रपटाने याच भावनेची दुसरी बाजू दाखवली. त्याचा नायक जॉर्ज बेली याला आयुष्यभर गाव सोडायचे असते आणि ते कधीच जमत नाही. नाताळच्या पूर्वसंध्येला तो आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचतो. गाव त्याच्या मदतीला धावते, शेवट गोड होतो. तरीही गावात राहण्याची किंमत काय असते, हे तो चित्रपट लपवत नाही.

आजच्या प्रेमकथेने काप्रांकडून गोड शेवट घेतला आणि किंमत वगळली. या कथांत घर, पोट आणि जोडीदार हे तीन प्रश्न एकाच आठवड्यात सुटतात. नायिकेला प्रियकर मिळतो त्याच क्षणी तिला व्यवसायही मिळतो, कारण आजीची खानावळ किंवा वडिलांचे दुकान तिच्या नावावर होणार असते. वरवर ही प्रेमाची कथा असली तरी तिची चौकट वारशाची आहे. नायिका राहू शकते, कारण राहण्याचा तिचा अधिकार कथेत कोणी विचारातच घेत नाही. गावही तिच्यासाठी थांबलेले असते. तेच चौक, तीच दुकाने, आणि लग्न न करता राहिलेला तोच मित्र. या गृहीतकांपैकी एक जरी काढून घेतले तरी साचा मोडतो. जुन्नर-आंबेगावच्या अनुभवात ही सारी गृहीतके एकेक करून तपासली जातात.

यात्रा : परतण्याचा सण

मराठीतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. वसई किंवा अहिल्यानगर परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी तो घरी परतण्याचा सण आहेच. जुन्नर-आंबेगावच्या बहुसंख्य गावांत मात्र ही जागा ग्रामदैवताच्या यात्रेने घेतली आहे. रब्बीची पिके निघाली की चैत्र-वैशाखात एकेका गावाची यात्रा येते. मांडव-डहाळे, शेरण्या, पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा, बैलगाड्यांचा घाट आणि रात्री तमाशा असा तिचा क्रम असतो. तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे नारायणगाव याच जुन्नर तालुक्यात आहे. यात्रेच्या हंगामापूर्वी तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात.

या सणाची ताकद मुंबईतून मोजता येते. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी आणि अकोले या पट्ट्यातील आहेत. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेली ही सेवा दरवर्षी साधारण एप्रिलच्या सुमारास काही दिवस बंद असते. कारण एकच : डबेवाले यात्रेसाठी गावी गेलेले असतात. एका महानगराच्या जेवणाची वेळ गावच्या देवाच्या तिथीपुढे नमते, याहून परतीच्या सणाचे बलवत्तर उदाहरण शोधावे लागणार नाही.

परंतु सुट्टी ठरावीक दिवसांची असते, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे. यात्रा परतण्याला मान देते, राहण्याची सोय करीत नाही. 'मुंबईकर' म्हणून माणसाचा सत्कार होतो, वर्गणीच्या पावतीवर त्याचे नाव येते आणि चार दिवसांनी तो एस. टी. किंवा जीपने पुन्हा घाट उतरतो. तो राहिला तर त्याचे 'मुंबईकर' हे स्थान जाईल, आणि शेतीच्या तुकड्यात आणखी एक वाटा पडेल. म्हणजे सण परतीच्या कथेला शेवट देत नाही, तिची दरवर्षी पुनरावृत्ती करतो.

या पार्श्वभूमीवर रितेश बत्रा दिग्दर्शित 'द लंचबॉक्स' (२०१३) या हिंदी चित्रपटाचा विचार उद्बोधक ठरतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यामुळे इला ही गृहिणी आणि साजन फर्नांडिस हा निवृत्तीच्या उंबरठ्यावरील ख्रिस्ती विधुर यांच्यात चिठ्ठ्यांचा संवाद सुरू होतो. दोघांनाही नव्याने सुरुवात करायची आहे. साजन निवृत्तीनंतर नाशिककडे निघतो आणि मागे फिरतो. अखेरीस तो इलाचे घर शोधण्यासाठी डबेवाल्यांसोबत निघालेला दिसतो, आणि चित्रपट भेटीपूर्वीच थांबतो. शहरातल्या दोन एकाकी माणसांची ही कथा अतिशय संयमाने सांगितली गेली आहे. तरीही जुन्नर-आंबेगावच्या बाजूने पाहिले असता तिच्यातील एक रिकामी जागा जाणवते. डबेवाला येथे दुसऱ्यांच्या प्रेमाचा वाहक आहे. पत्ता त्याच्यामुळे चुकतो आणि त्याच्यामुळेच सापडतो. त्याचे स्वतःचे घर, गावी राहिलेली पत्नी आणि वर्षातून काही दिवसांचा सहवास ही या चित्रपटाची कथावस्तू होत नाही. हा दिग्दर्शकाचा दोष म्हणता येणार नाही, कारण चित्रपटाचा विषय वेगळा आहे. पण परतीची प्रेमकथा या प्रदेशात लिहायची झाल्यास तिचा नायक कोण असू शकतो, याची खूण येथे नक्की मिळते.

माहेर : पाहुणी आणि वारस

नाताळच्या प्रेमकथेत परत येते ती बहुधा मुलगी. मराठी परंपरेतही परत येणारी मुलगी केंद्रस्थानी आहे. जात्यावरच्या ओव्यांपासून भाऊबीजेच्या कथांपर्यंत माहेराची ओढ हा मराठी भावविश्वाचा मोठा ठेवा आहे. मात्र या ओढीला एक कडक अट आहे. माहेरी 'येणे' हा सण असतो. माहेरी 'येऊन बसणे' हे संकट मानले जाते. एकाच क्रियापदाला जोडलेल्या 'बसणे' या शब्दाने सणाचे रूपांतर लोकापवादात होते. नाताळच्या नायिकेचा आनंदाचा निर्णय, म्हणजे गावी राहणे, हाच मराठी कथेत नायिकेच्या दुःखाचा आरंभ ठरत आला आहे.

हा भेद केवळ भावनेचा नाही, मालकीचा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्र सरकारने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही ग्रामीण महाराष्ट्रात 'हक्कसोडपत्र' हा शब्द घराघरांत परिचित आहे. भावाशी नाते टिकावे म्हणून बहीण आपला वाटा सोडते, आणि त्या बदल्यात माहेराचा उंबरा तिला पाहुणी म्हणून मोकळा राहतो. इंग्रजी प्रेमकथेतील नायिका वारस म्हणून येते, म्हणून ती राहते. मराठी कथेतील मुलगी वारसा सोडते, म्हणून तिला येता येते. दोन्ही कथांतील प्रेमाचा रंग वेगळा दिसतो तो या व्यवहारामुळे. हा व्यवहार न पाहता इंग्रजी साचा जसाच्या तसा मराठीत आणला, तर तयार होणारी कथा गोड असेल, पण तिच्या पायाखाली जमीन नसेल.

'स्मृतिचित्रे' : घर नसलेली परत

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात परतणे आणि नव्याने सुरुवात करणे यांची मराठीतील बहुधा सर्वांत थोर प्रेमकथा आहे. तिचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या मुलीचे लग्न अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक कवी होते, मनस्वी होते आणि वारंवार घर सोडून जाणारे होते. १८९५ साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत असताना त्याच्यापासून तुटलेल्या स्त्रीचे ते दिवस होते. काही वर्षांनी त्या पतीकडे गेल्या, तत्कालीन अहमदनगर आणि पुढे राहुरी येथे राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कथेचे वैशिष्ट्य असे की येथे परत येण्याची दिशाच बदलते. लक्ष्मीबाई गावाकडे जात नाहीत, गावापासून दूर जातात. माहेर-सासरच्या दोन्ही कुळांचा आधार सोडून त्या एका माणसाकडे परततात. तो माणूसही पूर्वीचा राहिलेला नाही. त्याचा धर्म, त्याची पंगत, त्याचे सोबती सारे बदलले आहे. म्हणून ही परत एका दिवसात पुरी होत नाही. सुरुवातीला त्या आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवतात. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात वाढलेल्या या स्त्रीला जातिभेद ईश्वराने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न स्वतःच्या मनाशी सोडवावा लागतो. तो सुटल्यावरच त्या सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे.

लोकप्रिय प्रेमकथेत समेटाचा क्षण म्हणजे मिठी. 'स्मृतिचित्रे'त समेटाची मोजपट्टी म्हणजे पाण्याचा घडा. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, हे ठरल्यावर संसार पुन्हा मांडला जातो. शिवाय हे सारे लक्ष्मीबाई अश्रूंचा आग्रह न धरता, स्वतःवर आणि टिळकांवर हसत सांगतात. विनोदामुळे दुःख हलके होत नाही, ते विश्वसनीय होते. पतीचा हट्ट त्या लपवत नाहीत आणि त्याच्यावरील प्रेमही लपवत नाहीत. नव्याने सुरुवात करणे म्हणजे जुने विसरणे नव्हे, जुन्या माणसाला नव्या अटींवर ओळखणे होय, हा या आत्मकथनाचा अर्थ नाताळच्या शंभर प्रेमकथांहून अधिक खोल आहे. त्याचबरोबर त्यातील गमावलेल्या गोष्टीही खऱ्या आहेत. जोडीदार मिळतो, पण माहेर पूर्वीचे राहत नाही.

'माचीवरला बुधा' : माणसांविना राहणे

पुरुषाच्या परतीची कथा गो. नी. दांडेकर यांच्या 'माचीवरला बुधा' (१९५८) या कादंबरीत आहे. मुंबईत वर्षे काढलेला बुधा उतारवयात शहराचा गजबजाट मागे टाकून राजमाचीच्या माचीवर परततो. लोणावळ्याजवळची ही माची पुणे जिल्ह्यातलीच. सह्याद्रीची हीच धार उत्तरेकडे भीमाशंकर, नाणेघाट असे करीत आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम अंगाला जाते. त्यामुळे या कादंबरीतील रान, पाऊस आणि एकांत या तालुक्यांतील वाचकाला परका वाटत नाही.

बुधा येथे राहतो, हे या कादंबरीचे यश आहे. पण तो कोणाबरोबर राहतो? झाडे, पाखरे, जनावरे हेच त्याचे गोत होते. पोटाचा प्रश्न त्याच्या किमान गरजांमुळे हलका झाला आहे, आणि जोडीदाराचा प्रश्न वयामुळे. दांडेकरांनी निसर्गाशी एकरूप होण्याचे जे चित्र रंगवले ते मराठीत अनन्य आहे. तथापि, हे समाधान तरुणाला देता येत नाही, याचीही नोंद घेतली पाहिजे. तिशीतला डबेवाला बुधासारखा परतू शकत नाही, कारण त्याला मुलांची शाळा, कर्ज आणि लग्नकार्ये आहेत. बुधाला घर मिळते ते माणसांचे जग मागे सोडल्यावर. म्हणजे येथेही तीन प्रश्न एकदम सुटत नाहीत.

गावच उरले नाही तर

लक्ष्मीबाई आणि बुधा यांच्या कथांत निदान जलालपूर आणि राजमाची जागेवर आहेत. आंबेगाव तालुक्याने याही पुढचा अनुभव घेतला आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कागदोपत्री रोज लिहिले जाणारे एक गाव पाण्याखाली आहे, ही वस्तुस्थिती कोणत्याही रूपकाहून बोलकी आहे. कुकडी प्रकल्पातील डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी मोठ्या क्षेत्राला पाणी दिले, आणि त्याची किंमत बुडिताखालील गावांनी दिली. धरणग्रस्तांच्या या वेदनेला विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीने मराठीत मोठे रूप दिले आहे. डिंभेच्या विस्थापित आदिवासींपैकी काहींनी त्याच जलाशयात सहकारी पद्धतीने मासेमारी सुरू केली. ज्या पाण्याने घर नेले त्याच पाण्यावर पोट भरणे, ही नव्याने सुरुवात करण्याची किती कठीण रीत आहे, याचा विचार लेखकांनी करावयास हवा.

३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्यातून बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. आमडे येथे नव्याने वसवलेल्या माळीणचे लोकार्पण एप्रिल २०१७ मध्ये झाले. पक्की घरे, शाळा, रस्ते मिळाले. नाव तेच, गाव दुसरे. अशा गावी परतणाऱ्या माणसाला ओळखीचा उंबरा कोठे शोधावा, हा प्रश्न प्रेमकथेच्या साच्यात मावणारा नाही. तो तेथे येऊ नये असे मात्र नाही. माणसे अशा घरांतही लग्ने करतात, पाळणे बांधतात, सणाला लेकी आणतात. ती प्रेमकथाच आहे. मराठीत ती अद्याप पुरेशी लिहिली गेलेली नाही.

मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या टाळेबंदीने परतणे आणि राहणे यांतील भेद सर्वांसमोर उघड केला. डबेवाल्यांची सेवा थांबली, यात्रा रद्द झाल्या आणि मुंबईकर गावी आले ते सणाविना. ज्या वेशीवर त्यांचे स्वागत होत असे तेथेच त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. अनेक गावांत त्यांना काही दिवस शाळेच्या इमारतीत राहावे लागले. गावाचा दोष काढण्यासाठी ही आठवण द्यायची नाही. भीती दोन्हीकडे होती. पण पाहुण्याचे प्रेम आणि रहिवाशाचा हक्क यांत किती अंतर आहे, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

समारोप

नाताळची प्रेमकथा घर, पोट आणि जोडीदार यांना सणाच्या एका रात्रीत एकत्र आणते. जुन्नर-आंबेगावच्या यात्रेत घर भेटते, पण पोट मुंबईत राहते. 'स्मृतिचित्रे'त जोडीदार भेटतो, पण माहेर दुरावते. 'माचीवरला बुधा'मध्ये घर मिळते, पण माणसांची सोबत नाही. डिंभेच्या काठी पोटाची वाट सापडते, पण गाव पाण्याखाली असते. मराठी परतीची कथा प्रामाणिक राहते ती यांपैकी काहीतरी न सुटलेले ठेवूनच.

याचा अर्थ मराठीने गोड शेवट लिहू नये असा नाही. घरी परत येऊन राहण्याची इच्छा खरी आहे आणि तिला साहित्यात स्थान मिळाले पाहिजे. मात्र त्या शेवटाकडे जाणारी वाट हक्कसोडपत्रावरून, मासेमारीच्या सहकारी संस्थेवरून आणि वेगळ्या ठेवलेल्या घड्यावरून गेली पाहिजे. यात्रा संपल्यावर एक मुलगी परतीच्या एस. टी. त बसत नाही, भावाकडे आपला वाटा मागते आणि तरीही दोघांचे नाते टिकते, अशी कथा ज्या दिवशी या दोन तालुक्यांतून लिहिली जाईल, त्या दिवशी मराठीला स्वतःची परतीची प्रेमकथा मिळेल. बर्फाची तिला गरज पडणार नाही. चैत्राचे ऊन तिला पुरेसे आहे.